नकाशावर ‘किल्ला’ आणि जागेवर नुसतं गवताळ टेकाड! इंग्लंड-वेल्समधल्या अशा किल्ल्यांचे दगड गेले कुठे?

बहुतेक ठिकाणी दगड नव्हतेच. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांनी त्यानंतर घाईघाईने उभारलेले बरेचसे किल्ले माती-लाकडाचे होते. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मध्ये रचून टेकाड करायचं आणि माथ्यावर लाकडी बुरूज ठोकायचा. शेजारी खंदक-तटाने वेढलेलं आवार, त्यात घरं, तबेले, कोठारं. टेकाड म्हणजे बालेकिल्ला आणि आवार म्हणजे माची समजा. फक्त सह्याद्रीने आयता दिला तो डोंगर इथे फावड्याने करावा लागला. बायो टेपेस्ट्रीत, म्हणजे या विजयाची गोष्ट सांगणाऱ्या लांबलचक भरतकामाच्या पट्टीत, हेस्टिंग्जच्या किल्ल्याचं टेकाड रचतानाचं दृश्य आहे. त्यात दोन मजूर काम सोडून एकमेकांच्या डोक्यात फावडी घालताहेत!

मग दगडी बुरूजच का नाही बांधला? वेळ नव्हता, आणि ताजी भर दगडाचं वजन पेलत नाही. यॉर्कच्या टेकाडावर तेराव्या शतकात दगडी बुरूज चढवला, तर पुढच्याच शतकात त्याला मोठे तडे गेले.

मला विचाराल तर सगळ्यात बोलकी जागा वेल्सच्या सीमेवरची, हेन डोमेन. रॉजर द माँटगोमरी या नॉर्मन सरदाराने १०७०च्या दशकात, सेव्हर्न नदी पायी ओलांडता येते त्या जागेवर नजर ठेवायला हा किल्ला रचला. १०९५ मध्ये वेल्शांनी तो घेतलाही. १२२३ मध्ये जवळच्या कातळावर नवा दगडी किल्ला सुरू झाला आणि जुन्याचं महत्त्व ओसरलं. वर बघाल तर झाडं आणि गवत. पण १९६० पासून तीसेक वर्षं पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर आणि सहकाऱ्यांनी इथे खुरप्या-ब्रशने थर उलगडले. लाकूड केव्हाच कुजलेलं. उरले होते खांबांच्या खड्ड्यांचे काळपट डाग. तेवढ्यावरून कळलं की आवारात इमारतींची दाटी होती आणि त्या पुन्हापुन्हा बांधल्या गेल्या. तटाच्या मातीखाली तर नांगरटीचे वरंबे सापडले. किल्ला थेट कुणाच्या तरी जुन्या शेतावर बसवला होता.

असं टेकाड बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. पानं झडलेली असतात आणि दुपारच्या तिरप्या उन्हात बुजलेल्या खंदकाची कड सावलीने उठून दिसते. माथ्यावर चढण्याआधी खंदकातून एक फेरी मारा, उंचीचा खरा अंदाज तिथूनच येतो. जमीन खासगी आहे का, तेवढं मात्र निघण्याआधी बघा. यातली पुष्कळ टेकाडं शेतकऱ्यांच्या कुंपणात आहेत.