वाचकांचे प्रश्न : वादळग्रस्त किनाऱ्याला मदत पाठवताना

प्रश्न : कोकणात वादळ झाल्याचे कळले की आमच्या गावातील गणेशोत्सव मंडळ गहू, तूरडाळ आणि वापरलेले कपडे गोळा करून गाडी पाठवते. मागील खेपेस कपड्यांची बोचकी तेथील शाळेच्या व्हरांड्यात तशीच पडून राहिली आणि गव्हालाही फारसे कोणी विचारले नाही, असे गाडीसोबत गेलेल्यांनी सांगितले. आमचे काय चुकले?
— एक वाचक, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपण वैनगंगेच्या पुराचा हिशेब चक्रीवादळाला लावलात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांत पाणी शिरले, तेव्हा घरातले धान्य आणि कपडे खरोखरच वाया गेले होते. वादळात आधी जाते ते छप्पर. त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि कोकणातला पाऊस अगदी तोंडावर आला होता. कौले आणि पत्रे उडालेल्या घरात कोरड्या कपड्यांचे बोचके ठेवायचे तरी कोठे? अशा वेळी पहिल्या आठवड्यात ताडपत्री, दोरखंड, पत्रे, ते बसवण्याचे हुक आणि हाताशी दोन सुतार यांचे मोल अधिक असते. गव्हाचे म्हणाल, तर कोकणातले रोजचे जेवण भाताचे आहे आणि विजेचे खांब आडवे झाल्यामुळे अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. गिरणी बंद असताना गव्हाचे पोते घेऊन कोणी काय करावे? तूरडाळ मात्र योग्य होती. तिच्यासोबत तांदूळ, मीठ, काडेपेट्या आणि सौर दिवे द्यावेत. गाडी भरण्यापूर्वी तेथील ग्रामपंचायतीला किंवा तहसील कार्यालयाला फोन करून यादी मागवावी; गाडी दोन दिवस उशिरा निघाली तरी चालेल.

प्रश्न : गारपिटीत आमच्या संत्राबागेचा पंचनामा हेक्टरी होतो आणि मिळणारी रक्कम पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. नारळ-सुपारीच्या बागायतदारांचे काय होते?
— एक संत्रा उत्पादक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपल्यापेक्षाही बिकट होते, आणि त्याचे कारण हेक्टर या मापातच आहे. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याची हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. सुपारी पावणेतीन मीटरच्या आसपास अंतरावर लावतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत तिची १,३०० हून अधिक झाडे उभी असतात. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० रुपयांवर नेली. वाढ मोठी दिसते, परंतु निव्वळ सुपारीच्या बागेत झाडामागे चाळीस रुपयेही पडत नाहीत. त्यात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतल्या वाड्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, काही गुंठ्यांच्या असतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने ५,००० रुपये येतात. पडलेली खोडे कापून बाहेर काढण्याची मजुरीही एवढ्यात भागत नाही. ही ओरड झाल्यावर पुढे नारळाच्या झाडाला २५० आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये असा झाडनिहाय दर ठरला. माझ्या मते रक्कम अपुरी असली तरी माप बरोबर झाले, आणि संत्र्याच्या बाबतीतही झाडनिहाय मोजणीचा आग्रह धरायला हरकत नाही.

दुसरी अडचण सातबाऱ्याची आहे. कोकणात एका उताऱ्यावर दहा-पंधरा नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईत असतात. सर्वांची संमती येईपर्यंत वाडीत राबणाऱ्याचे पैसे अडकून पडतात. तिसरी अडचण काळाची, आणि ती आपणांस सांगायला नको. संत्र्याला पहिला बहार धरायला पाच वर्षे लागतात. सुपारीला आणि नारळाला सहा ते आठ. सुपारीचे कोवळे रोप तर उघड्या उन्हात करपते. वरची सावली देणारे माड पडल्यामुळे आधी केळी लावून सावली करावी लागते आणि मग तिच्या आडोशाने रोप वाढवावे लागते. श्रीवर्धनी रोठा या नामांकित सुपारीची रोपे रोपवाटिकेत लागवडीयोग्य व्हायलाच वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणून बागायतदाराला खरी मदत हवी असते ती वादळानंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी, जेव्हा वर्तमानपत्रांत वादळाचे नावही नसते. रोपांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी. आपल्या भागातील रोपवाटिकांनी प्रेमापोटी संत्र्याची कलमे मात्र पाठवू नयेत. जांभ्या दगडाच्या जमिनीत आणि तिकडच्या पावसात ती तग धरणार नाहीत.

प्रश्न : आम्ही तलावातील मासेमारीवर जगणारे लोक आहोत. समुद्रावरच्या मच्छीमारांना होडीची भरपाई मिळते काय?
— मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे एक सभासद, जि. भंडारा

उत्तर : मिळते, पण ‘निसर्ग’च्या वेळी लागू असलेल्या केंद्रीय निकषांनुसार पूर्ण निकामी झालेल्या होडीला ९,६०० आणि जाळ्याला २,६०० रुपये एवढीच तरतूद होती. जाळ्याचा भाव आपण जाणताच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे जूनमधले वादळ कोळी कुटुंबाला कमाई नसतानाच गाठते. पावसाळ्यात खाण्याविकण्यासाठी साठवलेले सुके मासे भिजून गेले की त्या घरातील बाईचा चार महिन्यांचा आधार जातो, आणि अशा साठ्याची किंमत पंचनाम्यात क्वचितच धरली जाते. आपल्या संस्थेला काही करायचे असेल, तर त्यांच्या मच्छीमार संस्थेशी थेट बोलून जाळ्याचे सूत किंवा त्याचे पैसे द्यावेत. आपले तयार जाळे तलावाचे असते, त्याची आस, म्हणजे छिद्रांचे माप, समुद्रातल्या मासळीला जुळेलच असे नाही.