गरीब घरातला मुलगा निव्वळ मेहनतीवर पैसेवाला होऊ शकतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वय चोवीस, चाकणला गोदामात कंत्राटी काम, घरात कुणी शिकलेलं नाही, ओळखपाळख नाही. भेटेल तो पैसेवाला माणूस 'मेहनत कर' एवढंच सांगतो. ते खरं आहे का, आणि असल्या हलक्या कामात वर्षं घालवावीत का, असं तुम्ही विचारताय.

नुसत्या मेहनतीने होत नाही. मेहनतीनेच होत असतं तर मार्केट यार्डातला प्रत्येक हमाल बंगल्यात राहिला असता. मी हमालाचा मुलगा आहे आणि आज माझा डाळी-मसाल्याच्या पॅकिंगचा धंदा आहे, म्हणून लोक मलाच उदाहरण म्हणून पुढे करतात. 'बघा, हमालाच्या पोरानं केलं, मग तुम्हाला काय धाड भरलीय?' मला याचा मनापासून राग येतो. मी कसा वर आलो हे मला माहीत आहे, आणि ते एकट्याच्या जोरावर नव्हतं.

आमचे आबा भोर तालुक्यातून पुण्यात आले, तेव्हा भुसार, म्हणजे धान्याचा, बाजार नाना पेठ-भवानी पेठेत होता. तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला तसे तेही गेले. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन थप्पी लावायची, हे काम. पन्नास किलोचा नियम फार नंतर आला, तोवर कंबर गेली होती. पण आबांच्या नशिबाने, नव्हे, बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने, अण्णासाहेब पाटलांनी आणि त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलेल्या हजारो लोकांनी केलेल्या लढ्यामुळे, १९६९ चा माथाडी कायदा होता. व्यापारी मजुरीचे पैसे माथाडी मंडळात भरणार, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, भरणार, आणि त्या लेव्हीतून हमालाला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी मिळणार. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगारपत्रक मिळतं त्याला यातलं मोल कळणार नाही. आमच्या घरी फंडाचा हिशेब आला की आई तो देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवायची. माझी कॉलेजची फी त्या फंडातून उचल घेऊन भरली. बहिणीचं लग्नही त्यातूनच. म्हणजे पाठबळ मलाही होतं. ते बापाच्या कष्टाचं होतं हे खरं, पण त्या कष्टाचं पाठबळ झालं ते कायद्यामुळे. शेजारच्या खोलीतले काका तेवढीच पोती उचलायचे, पण नोंदणीशिवाय, रोजावर. त्यांचा मुलगा माझ्यापेक्षा हुशार होता. दहावीनंतर टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला. मेहनतीत कोण कमी पडलं?

आता दुसरी बाजू. आबा ज्या गाळ्यावर होते त्या शेठचा मुलगा आणि मी एकाच वयाचे. दोघंही बी.कॉम. दोघंही एकाच सुमारास धंद्यात उतरलो, तो वडिलांच्या पेढीवर आणि मी भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत. तो चांगला माणूस आहे, आजही आमचं येणंजाणं आहे. पण फरक कुठे पडतो ते ऐका, कारण पैसेवाले लोक हे सांगत नाहीत. बऱ्याच जणांना ते दिसतही नाही.

त्यानं लातूरच्या दालमिलवाल्याला फोन केला की गाडी सुटायची. पैसे वीस दिवसांनी. मी फोन केला की 'आधी आरटीजीएस करा, पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर द्या, मग माल भरतो.' तूरडाळ किलोला शंभर रुपये धरा. दहा टनांची गाडी दहा लाखांची झाली. हे दहा लाख त्याला वीस दिवस बिनव्याजी वापरायला मिळायचे. मला तेवढेच पैसे वर्षाला बारा टक्क्यांनी उभे करावे लागले तर वीस दिवसांचं व्याज साडेसहा हजार, म्हणजे किलोमागे पासष्ट पैसे. घाऊक बाजारात पासष्ट पैशांवर गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यावर जातं. दोघं पहाटे उठणारे, दोघांनाही मालाची पारख, आणि तरी मी पहिल्या दिवसापासून किलोमागे पासष्ट पैशांनी मागे. वारसा म्हणजे लोकांना फ्लॅट आणि सोनं वाटतं. खरा वारसा ही उधारी आहे. तुम्ही अजून काहीच करून दाखवलेलं नसताना समोरचा माल देतो, कारण तुम्ही अमक्याचे चिरंजीव.

आणि बुडायची मुभा. त्यानं एका वर्षी भाव वाढतील म्हणून माल धरून ठेवला आणि भाव पडले. बापानं चार शिव्या घातल्या आणि नुकसान पेढीच्या खात्यात टाकलं. तो शिकला, पुढे चांगला व्यापारी झाला. मी तोच सौदा केला असता तर खोलीचं भाडं थकलं असतं आणि दुसऱ्या महिन्यात मी कुणाच्या तरी दुकानात काउंटरवर उभा असतो. मग लोक म्हणाले असते, मराठी माणसाला धंदा जमत नाही.

आता माझ्या दाजींबद्दल लिहितो. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर. ट्रान्सपोर्टचा धंदा, गाड्या आहेत, नाव आहे. कुठलंही बारसं, साखरपुडा, जावळ असो, जेवणं झाली की पोरांना गोळा करून सांगणार: 'मी शून्यातून आलोय. एक रुपया कुणाचा घेतला नाही.' रात्र रात्र स्वतः गाडी चालवलीय त्यांनी, टायर स्वतः बदललेत, त्याबद्दल मला आदर आहे. पण पहिली गाडी कशी आली? चुलते साखर कारखान्यात संचालक होते. त्यांच्या शब्दावर ऊस वाहतुकीचा करार झाला, कारखान्याची उचल मिळाली, आणि तो करार दाखवून पतसंस्थेनं गाडीला कर्ज दिलं. दोन्ही जामीनदार चुलत्यांच्या ओळखीतले. याला शून्य म्हणायचं?

हे मला बोचतं त्याचं कारण आहे. मला पॅकिंगचं मशीन घ्यायचं होतं. एका सहकारी बँकेत गेलो. प्रोजेक्ट रिपोर्ट होता, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी होत्या. मॅनेजरनं कागद चाळले आणि विचारलं, 'जामीनदार कोण?' दोन पाहिजेत, पगारदार किंवा रिटर्न भरणारे धंदेवाईक. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात रिटर्न भरणारे एकटे दाजी. मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला, बहिणीनं पोहे केले. दाजींनी फॉर्म हातात घेतला, पहिलं पान वाचलं आणि परत दिला. म्हणाले, 'व्यवहारात नातं आणू नये. मला कुणी सही दिली नव्हती, तू पण स्वतःच्या हिमतीवर कर.' बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, मीही नाही.

सही शेठनं दिली. मी मागायलाही गेलो नव्हतो. आबाच गेले, निवृत्त झाले होते तरी. गादीसमोर उभे राहिले, बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. शेठनं किती कर्ज, कुठली बँक एवढंच विचारलं आणि मुनीमजींना पेन मागितला. सही करता करता मला म्हणाले, 'तुझ्या बापानं मला ओल्या मालात कधी पडू दिलं नाही.' मला तेव्हा अर्थ लागला नाही. घरी येताना आबांनी सांगितलं. पोतं पाठीवर घेतलं की ते सुकं आहे की ओल लागलेलं, हे त्यांना कळायचं. पट्टी, म्हणजे मालाच्या पैशाचा हिशेब, होण्याआधी ते शेठच्या कानावर घालायचे. त्याचे वेगळे पैसे कुणी देत नव्हतं. दुसरी सही शेठच्या मेव्हण्यानं केली, शेठच्या शब्दावर.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की काम हलकं आहे का हे बघू नका, त्या कामात तुमची पारख कुणाला दिसते ते बघा. आबांचं काम लोकांच्या लेखी सगळ्यात खालचं होतं, पण मालकाच्या डोळ्यासमोर होतं. ओळख नेत्याबरोबर फोटो काढून होत नाही. तुम्ही गोदामात नुसते खोके हलवत असाल आणि तुमचं नाव फक्त कंत्राटदाराच्या हजेरीवर असेल, तर दहा वर्षांनीही कुणी ओळखणार नाही. डिस्पॅचला जा, माल परत येतो तिथे जा, जिथे गाडीवाले, व्यापारी, हिशेबनीस तुमच्याशी बोलतात तिथे जा. पगार हजारभर कमी मिळाला तरी.

दाजींचं लाडकं उदाहरण धीरूभाई अंबानी. 'पेट्रोल पंपावर काम करणारा माणूस कुठे गेला बघा.' बरोबर आहे, ते एडनला नोकरी करत होते. पण एडनला त्यांचे थोरले भाऊ रमणिकभाई आधीच होते. मुंबईत येऊन मस्जिद बंदरला धंदा सुरू केला तो नात्यातल्या चंपकलाल दमाणींच्या भागीदारीत. माणूस विलक्षण होता यात वाद नाही, पण गोष्ट सांगायची तर भाऊ आणि भागीदार गाळून का सांगायची? आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बढती डावलली म्हणून सोडून बेळगावला गेले, सायकलींचं दुकान काढलं. तिथे भाऊ होते सोबतीला. पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलेलं होतं, त्यातून हा विश्वास आला होता. मला हे उदाहरण जास्त खरं वाटतं, कारण त्यात संस्थानिकाचा हातही लपत नाही आणि माणसाचं कामही लपत नाही.

थोडं कामाचं सांगतो. जामीनदार नसेल तर पतसंस्थेच्या दारात उभं राहण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत मुद्रा कर्जाचं विचारा. २०१५ पासून ते आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण, आणि तारण द्यावं लागत नाही. लहान उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलेलं आहे. शाखेतला साहेब तरी 'कुणाला तरी घेऊन या' म्हणेल. तेव्हा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नाकारलं तर कारणही लेखी मागा. तोंडी नकारावर घरी येऊ नका.

आणि कुणी जामीन राहिला तर तो काय करतोय हे समजून घ्या. कराराचा कायदा १८७२ चा आहे, त्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरलेली आहे. हप्ते थकले तर बँक थेट त्याच्या दारात जाऊ शकते. त्या अर्थानं दाजींनी नाही म्हटलं यात बेकायदा किंवा वाईट काही नव्हतं. सही न देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझं भांडण त्या 'मला कुणी दिली नव्हती' या वाक्याशी आहे. त्यांना दोघांनी दिली होती, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या भाचे-पुतण्यांना ते आजही उलटं सांगतात. त्यातला एखादा पोरगा धंद्यात बुडाला की स्वतःलाच नालायक समजतो. माझा भाचा तसा समजायचा. त्याला मी दाजींच्या पहिल्या गाडीची सगळी हकीकत सांगितली, दाजींसमोरच. ते उठून गेले. बहीण महिनाभर बोलली नाही. तरी मला ते सांगणं गरजेचं वाटतं.

हे सगळं मी व्यापारातलं सांगतोय. स्पर्धा परीक्षा किंवा आयटीवाल्यांचा हिशेब वेगळा असेल, तिथलं मला बोलता येणार नाही. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाजारात गाळा किंवा खोली भाड्याने बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. माझं आडनाव ऐकून कुणी दार लावलं नाही. माझ्याबरोबरच्या काही मुलांना जागा 'कालच गेली' असं ऐकावं लागलं आणि आठवड्यानं तीच जागा रिकामी दिसली. त्यांना माझं उदाहरण देऊन 'याला जमलं' म्हणणं हा अन्याय आहे.

तुमच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे यूएएन, म्हणजे तुमच्या फंडाच्या खात्याचा नंबर, काढून ईपीएफओच्या, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या सरकारी कार्यालयाच्या, पासबुकात दर महिन्याची रक्कम जमा होतेय का ते पाहा. पगारातून कापतात आणि भरत नाहीत, असे कंत्राटदार पुष्कळ आहेत. भरलेलं नसेल तर ईपीएफओकडे तक्रार करा, कारण कंत्राटदारानं भरलं नाही तर ज्या कंपनीचं गोदाम आहे तिच्यावर जबाबदारी येते. पगार रोखीत घेऊ नका, खात्यातच घ्या, थोडा कमी बसला तरी चालेल. दोन-तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट आणि न थकवलेलं एखादं लहान कर्ज एवढं जवळ असलं, की मॅनेजरसमोर टाकायला काहीतरी असतं. पुण्यात मार्केट यार्डला आलात तर भुसार विभागात या, तुमचे कागद मी बघून देईन.