एका इंचात किती रेघा?

प्रश्न : मी बारावीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरीच विवर्तन ग्रेटिंगवरच्या, म्हणजे प्रकाश ठरावीक कोनांत फाकवणाऱ्या बारीक समांतर रेघांच्या काचेवरच्या, रेघा मोजतेय. दादाचा लाल लेसर पॉइंटर पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, समोर ग्रेटिंग उभं केलं आणि तिथून 100 सेंटिमीटरवरच्या भिंतीवर ठिपके पाहिले. मधल्या ठिपक्यापासून डावीकडचा पहिला ठिपका 43.3 सेंटिमीटरवर आला, उजवीकडचा 40.3 वर. सरासरी 41.8. तरंगलांबी 650 नॅनोमीटर धरली. उत्तर आलं मिलिमीटरला 643 रेघा. पण ग्रेटिंगच्या काचेवर तर 15000 लिहिलंय! चूक कुठे झाली? — एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : बाळ, तू दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी लिहून पाठवलीस, हे फार चांगलं केलंस. नुसती सरासरी कळवली असतीस, तर मला निम्मी गोष्ट कळलीच नसती.

आधी 15000 चं बघू. हा आकडा इंचाचा आहे. आपल्याकडच्या लॅबमधल्या बहुतेक ग्रेटिंगवर रेघा इंचामागे सांगतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंडने 1882 च्या सुमारास बाल्टिमोरला रेघा ओढायचं यंत्र केलं, त्याचाही हिशोब इंचाचाच होता : इंचाला 14438 रेघा. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणून तुझ्या ग्रेटिंगवर मिलिमीटरला साधारण 590 रेघा असायला हव्यात. तुला 643 मिळाल्या. म्हणजे फरक नऊ टक्क्यांचा आहे, आणि तो ग्रेटिंगचा नाही.

पहिल्या ठिपक्यासाठी दोन रेघांमधलं अंतर गुणिले कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी. तू 41.8 ला 100 ने भागलंस आणि त्यालाच साइन मानलंस. वहीत दोन फटींच्या प्रयोगात तसं चालतं, कारण तिथे कोन अंशभरही नसतो. इथे तो साडेबावीस अंशांच्या आसपास आहे. 41.8 भागिले 100 हा टॅन झाला. साइनसाठी कर्ण हवा, म्हणजे ग्रेटिंगपासून थेट त्या ठिपक्यापर्यंतचं अंतर.

ते काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. मी इंदुरातल्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रॅक्टिकल घेतली, आणि या प्रयोगाला दरवर्षी शिवणाचा दोरा काढून ठेवायचो. दोऱ्याचं एक टोक ग्रेटिंगच्या खाली चिकटपट्टीने लाव, दुसरं ताणून ठिपक्यावर धर, नखाने खूण कर आणि टेपवर मोज. भिंत काटकोनात असली तर तुझा दोरा 108.4 सेंटिमीटर भरेल. 41.8 भागिले 108.4 म्हणजे 0.386. आता 650 ला याने भाग : दोन रेघांमधलं अंतर सुमारे 1685 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरला 593 रेघा आणि इंचाला 15070 च्या आसपास. बघ, किती जवळ आलीस!

आता डाव्या-उजव्या बाजूचा फरक. तीन सेंटिमीटर हा स्केल धरण्यातला फरक नव्हे. लेसरचा किरण भिंतीवर सरळ पडत नव्हता, साधारण पाच अंश कललेला होता. रामबागेतल्या जुन्या घरांच्या भिंती मी पाहिल्यात. गिलावा पोट काढून असतो, त्यामुळे डोळ्यांना काटकोन वाटतो तिथे तो नसतो. इथेही दोराच कामाला येतो. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना बरोबर 40 सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा कर आणि ग्रेटिंगपासून दोन्हींपर्यंत दोरा मोज. पाच अंशांचा कल असेल तर सहा सेंटिमीटरहून जास्त फरक पडेल. तो जाईपर्यंत सगळी मांडणी हळूहळू फिरव. सरासरी घेतल्याने कलाची चूक बरीचशी पुसली जाते, म्हणून तुझं उत्तर तरलं, पण त्यावर विसंबू नकोस. ग्रेटिंगही किरणाला काटकोनात हवं. एका पांढऱ्या कागदाला भोक पाडून तो लेसरच्या तोंडाशी लाव. ग्रेटिंगच्या काचेवरून मागे फिरलेला मंद ठिपका त्या भोकापाशीच पडला पाहिजे. हे करताना डोळे किरणाच्या पातळीला आणू नकोस, आणि लहान भावंडांना खोलीबाहेर ठेव.

राहिला लेसर. पॉइंटरच्या लेबलवर 630 ते 680 असं छापलेलं असेल. तू 650 धरलंस, पण तो आकडा मोजलेला नाही. तुझीच मापं घेऊन 630 धरलं तर इंचाला 15550 रेघा येतात, 680 धरलं तर 14400. शिवाय अशा लेसरची तरंगलांबी उष्णतेने वाढते, तापमानाच्या दर अंश सेल्सिअसमागे साधारण पाव नॅनोमीटर. इंदूरच्या डिसेंबरची सकाळ आणि मेची दुपार यांतच सहा-सात नॅनोमीटरचा फरक पडेल. त्यामुळे दोरा कितीही काळजीने ताणलास तरी उत्तर साधारण चार टक्क्यांनी कमी-जास्त असू शकतं, आणि प्रोजेक्टमध्ये तसं स्पष्ट लिही. शाळेच्या ओळखीने एखाद्या कॉलेजात हीलियम-निऑन लेसर मिळाला तर त्याचे 632.8 नॅनोमीटर निर्धास्त धर. बाजारातला स्वस्त हिरवा पॉइंटर मात्र आणू नकोस; त्यातून अदृश्य अवरक्त किरणही बाहेर पडू शकतात आणि ते डोळ्याला घातक असतात.

मांडणी बरोबर आहे की नाही, हे मात्र तरंगलांबी न कळताही तपासता येतं. ग्रेटिंग भिंतीपासून 50 सेंटिमीटरवर आण आणि दिवा मालवून दुसरा ठिपका शोध. तो मंद असतो, मध्यापासून 60 सेंटिमीटरच्या आसपास सापडेल. त्याचा साइन पहिल्याच्या बरोबर दुप्पट यायला हवा, लेसर कुठलाही असो.

आणि ग्रेटिंग कडांनाच धर. माझ्यासमोर एका मुलाने ते स्वच्छ दिसावं म्हणून ओल्या रुमालाने पुसलं होतं. रेघा काचेवर नव्हत्या, वरच्या पातळ पापुद्र्यावर होत्या. पापुद्रा रुमालाबरोबर गेला.

दुसऱ्या ठिपक्याची दोन्ही बाजूंची मापं मिळाली की मला पाठव.