अंचई कुठली, डाव कुठला: बेसबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

बेसबॉलमधल्या लबाडीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या खेळातली नीती उफराटी वाटते. एक गोष्ट ध्यानात ठेवली की बराच गुंता सुटतो: डोळे, हातपाय आणि डोकं वापरून समोरच्याला फसवणं हा इथे खेळाचाच भाग मानतात, बाहेरचं साधन आणलं की ती अंचई.

प्रश्न (पुणे): क्रिकेटमध्ये कड लागली की काही फलंदाज पंचाकडे न बघता चालू लागतात. बेसबॉलमध्ये असं कोणी केल्याचं दिसत नाही. खेळाडू अप्रामाणिक की रीतच तशी?

उत्तर: रीतच तशी. निर्णय देणं हे अंपायरचं काम, आणि आपल्या बाजूने चुकलेला निर्णय खेळाडूने परत करायचा नसतो, असंच मानलं जातं. टप्पा पडून हातात आलेला चेंडू झेलल्यासारखा ग्लोव्ह उंच करून दाखवणं किंवा टॅग (चेंडू हातात धरून रनरला शिवणं) हुकला तरी बाद केल्याच्या थाटात वावरणं यात कोणाला फारसं वावगं वाटत नाही.

यांकीज संघाच्या डेरेक जीटरचा किस्सा याचा नमुना आहे. १५ सप्टेंबर २०१० रोजी यांकीज विरुद्ध टॅम्पा बे रेज सामन्यात चेंडू त्याच्या बॅटच्या मुठीला लागला. त्याने हात धरून कळवळल्याचा आव आणला, संघाचा ट्रेनर धावत आला आणि चेंडू अंगाला लागला असं समजून अंपायरने त्याला फर्स्ट बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा) देऊन टाकला. चेंडू बॅटला लागला होता हे जीटरने सामन्यानंतर सरळ सांगितलं. रेजचे मॅनेजर जो मॅडन वाद घालून मैदानाबाहेर काढले गेले होते, तरी त्यांनीही जीटरला नावं ठेवली नाहीत. आमच्या मते यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण त्या खेळाडूंच्या जगात ही चतुराईच.

आता अशा नाटकाला वाव कमी झाला आहे. २०१४ पासून चेंडू अंगाला लागला की नाही आणि आउटफिल्डमध्ये झेल टप्प्याचा की थेट, हे दोन्ही चित्रण पाहून ठरवता येतं. बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरची जुनी युक्तीही अडचणीत आली आहे. किंचित बाहेर गेलेला चेंडू पकडतानाच ग्लोव्ह आत ओढून तो स्ट्राइक (बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू) भासवायचा, याला आजवर कसब म्हणत. २०२६ पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) बॉल (बाहेरचा चेंडू) की स्ट्राइक या निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन संधी, आव्हान बरोबर ठरलं तर संधी शाबूत. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर आव्हान देऊ शकतो, तेही लगेच टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून. डगआउटकडे (संघ बसतो त्या जागेकडे) बघून सल्ला घ्यायचा नाही.

मोठ्या मनाची उदाहरणं नाहीत असं मात्र नाही. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गॅलारागा याने सलग २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला की परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोहोचता संपलेला सामना), जो मेजर लीगच्या इतिहासात तोवर फक्त २० वेळा झाला होता. तो स्पष्ट बाद असताना अंपायर जिम जॉइस यांनी सेफ (नाबाद) दिला. गॅलारागा नुसता हसला आणि पुढच्या बॅटरला चेंडू टाकायला गेला. चित्रण पाहिल्यावर जॉइस यांनी चूक कबूल करून त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी अंपायरच्या हाती द्यायला गॅलारागाच गेला.

प्रश्न (नाशिक): ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाला खुणा चोरल्याबद्दल शिक्षा झाली. पण खुणा चोरणं चालतं, असंही वाचलं. नक्की काय?

उत्तर: दोन्ही खरं. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला चेंडू सुचवतो. साधारणपणे एक बोट फास्टबॉलचं, दोन कर्व्हची. सेकंड बेसवरच्या रनरला ती बोटं समोरच दिसतात. त्याने ती ओळखून हेल्मेट चाचपून किंवा पाय हलवून बॅटरला कळवलं, तर मेजर लीगचा नियम आड येत नाही. म्हणून रनर सेकंडवर आला की कॅचर चार-पाच खुणा ओळीने दाखवतो आणि त्यातली खरी कुठली हे आधीच ठरलेलं असतं. उदाहरणार्थ, बाद झालेल्यांत एक मिळवायचा: एक बाद असेल तर दुसरी खूण खरी. प्रत्येक इनिंगला किल्ली बदलतात.

चेंडू कुठला येणार हे आधी कळण्याची किंमत मोठी आहे. पिचर १८.४४ मीटरवर उभा असतो आणि ताशी १५० किलोमीटरचा चेंडू बॅटरजवळच्या प्लेटपर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद घेतो. त्यातल्या निम्म्याच वेळात बॅटरला ठरवायचं असतं. संथ चेंडू येणार नाही एवढं जरी कळलं, तरी अर्धी लढाई संपते.

ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१७ मध्ये डोळ्यांच्या जागी कॅमेरा आणला. सेंटर फील्डमधल्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटलगतच्या बोगद्यातल्या पडद्यावर येई. तिथे बसलेली माणसं कॅचरची बोटं वाचत आणि संथ किंवा वळणारा चेंडू असेल तर कचऱ्याच्या पिंपावर एक-दोन ठोके देत. ठोका नाही म्हणजे फास्टबॉल. एवढी साधी व्यवस्था, आणि तिचा दोषही तोच: ठोका सगळ्यांना ऐकू येतो. त्या सप्टेंबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर डॅनी फार्कुहार याला ठोका आणि चेंडू यांचं नातं उमगलं. त्याने कॅचरला बोलावून खुणाच बदलून टाकल्या. त्या वर्षी ॲस्ट्रोज वर्ल्ड सीरिज जिंकले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांचाच माजी पिचर माइक फायर्स उघडपणे बोलला, तेव्हा चौकशी लागली.

१३ जानेवारी २०२० चा निकाल असा: जनरल मॅनेजर जेफ लूनो आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांना एक वर्षाची बंदी, संघाला ५० लाख डॉलर दंड, आणि २०२० व २०२१ या दोन्ही वर्षांच्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतल्या) पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी जप्त. संघाने दोघांना त्याच दिवशी काढून टाकलं. खेळाडूंना मात्र खरं सांगण्याच्या बदल्यात अभय मिळालं होतं आणि विजेतेपदही कायम राहिलं. पिंप वाजवणारे आणि ठोक्याची वाट बघणारे सुटले, हे अजून कित्येक प्रेक्षकांना पचलेलं नाही. आम्हालाही नाही.

साधनांची ही हौस जुनीच. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने सेंटर फील्डमागच्या क्लबहाउसमध्ये दुर्बीण लावून खुणा वाचल्या आणि विजेच्या बझरने आपल्या खेळाडूंना कळवल्या, हे पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये उजेडात आलं. २०२२ पासून कॅचर मनगटावरच्या कळा दाबतो आणि पिचरला टोपीतल्या छोट्या स्पीकरमधून चेंडू ऐकू येतो. बोटंच नाहीत तर चोरणार काय? आता रनर पिचरचा ग्लोव्ह कसा हलतो आणि पकड कशी बदलते यावर टपून असतो. तेवढं चालतं.

प्रश्न (कोल्हापूर): केप टाउनला २०१८ मध्ये चेंडूला सँडपेपर लावला म्हणून स्मिथ-वॉर्नरवर वर्षाची बंदी आली. बेसबॉलमध्ये काय होतं?

उत्तर: दहा सामने, तेही पगारी. ही शिक्षा वाटते तितकी बिनदाताची नाही, कारण त्या दिवसांत संघाला दोषी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येत नाही; एक माणूस कमी घेऊन भागवावं लागतं.

इथे चेंडूशी होणारे खेळ दोन जातींचे आहेत. पहिला प्रकार चेंडू बिघडवण्याचा. एका बाजूला खरवडा पाडला की दोन्हीकडून हवा सारखी वाहत नाही आणि चेंडू अवचित सरकतो. ३ ऑगस्ट १९८७ रोजी मिनेसोटाच्या जो नीक्रोला अंपायरनी खिसे उलटे करायला लावले, तेव्हा नखं घासायची पट्टी उडून बाहेर पडली. दहा सामन्यांची बंदी झाली. थुंकीचा चेंडू तर १९२० मध्येच बंद झाला, फक्त १७ जुन्या पिचरना सवलत राहिली. त्यातला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला. गेलॉर्ड पेरीची सारी कारकीर्द या संशयात गेली, पकडला गेला तो १९८२ मध्ये एकदाच. ३१४ विजय नावावर असलेल्या पेरीला १९९१ मध्ये हॉल ऑफ फेममध्येही घेतलं.

दुसरा प्रकार चिकट पदार्थांचा. बोटं चेंडूला चिकटली की तो जास्त फिरतो. फास्टबॉलला उलटी फिरकी जास्त मिळाली की तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) ठेवलेली राळेची पिशवी तेवढी अधिकृत. पण राळेत सनस्क्रीन कालवलं की खळ तयार होते, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे ताकदवान मंडळी दगडी गोळे उचलायला वापरतात तो स्पायडर टॅक. वर्षानुवर्षं बॅटरही कानाडोळा करत, कारण कोरा चेंडू निसटून डोक्यावर येण्यापेक्षा चिकट बरा. म्हणूनच तर सामन्याआधी प्रत्येक चेंडू डेलावेअर नदीच्या परिसरातल्या खास चिखलाने चोळतात.

२१ जून २०२१ पासून कानाडोळा संपला. इनिंगच्या अखेरीस किंवा पिचर बदलताना अंपायर टोपी, ग्लोव्ह, कमरेचा पट्टा तपासतात. पुढच्या वर्षीपासून ते तळवे आणि बोटंही चाचपून पाहू लागले. तपासणी नाकारली तर दोषी धरून बाहेर. मॅक्स शर्झरसारखा मोठा पिचरही एप्रिल २०२३ मध्ये यात सापडला. घाम आणि राळ एवढंच होतं, असं त्याचं म्हणणं होतं. राळ अधिकृत असली तरी तिचा थर बसेल इतकी लावली, तर तीही गुन्ह्यात मोजली जाते.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): आमचा ११ वर्षांचा मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो. कोच सेकंड बेसवरून खुणा सांगायला शिकवतात. शिवाय बॅटवरच्या हाताला चेंडू लागला तर काय धरायचं, यावर पालकांत वाद आहे.

उत्तर: पहिली गोष्ट कोचना सरळ दाखवून द्या: मोठ्यांना जे चालतं ते लिटल लीगला चालत नाही. खुणा चोरून बॅटरला कळवणं तिथे अखिलाडू वर्तन मानलं जातं आणि त्याबद्दल खेळाडूला व मॅनेजरलाही बाहेर काढता येतं. नियमपुस्तिका हाती घेऊन सरावाच्या दिवशी बोला, सामना चालू असताना नको.

हाताचा वाद बहुधा क्रिकेटमुळे झाला असावा. तिथे बॅट धरलेला हात म्हणजे बॅट. इथे हात हा शरीराचाच भाग. बॅट फिरवली नसताना चेंडू हाताला लागला तर बॅटरला फर्स्ट बेस. फिरवली असेल तर स्ट्राइक आणि चेंडू मृत. कोपर मुद्दाम पुढे काढून चेंडू अंगावर घेणाऱ्या मुलांसाठीही तरतूद आहे: चेंडू चुकवायचा प्रयत्नच केला नाही तर बेस मिळत नाही, आणि तो स्ट्राइक झोनमध्ये असेल तर स्ट्राइक मिळतो. कोपर मोडतं ते वेगळंच.

तुम्ही विचारलं नाही, पण या वयात खरी लबाडी होते ती चेंडूंच्या मोजणीत. ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, ९-१० ला ७५. मर्यादा संपली तरी समोरचा बॅटर पूर्ण करता येतो. ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. ४१ किंवा जास्त टाकणाऱ्याला त्या दिवशी कॅचर होता येत नाही. सामन्याचा मोजणीदार चोख असतो. फट पडते ती शनिवार-रविवारी दुसऱ्या संघाकडून टाकलेल्या चेंडूंची, कारण त्यांचा हिशेब एकमेकांना कोणी सांगत नाही आणि मुलाचं कोपर दुखू लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ती वही पालकांनी स्वतः ठेवायची आणि दोन्ही कोचना दाखवायची.

प्रश्न (जळगाव, क्रीडाशिक्षक): डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं) मोडायला रनर फील्डरच्या पायात घसरतो. हे कुठवर चालतं?

उत्तर: २०१५ च्या प्लेऑफमध्ये चेस अटलीच्या घसरण्याने रुबेन तेहादाचा पाय मोडला आणि २०१६ पासून मेजर लीगने चार अटी घातल्या. बेसच्या आधीच जमिनीला टेकायचं. हात किंवा पाय बेसपर्यंत नेण्याचा प्रयत्न हवा. बेसवर थांबण्याचा प्रयत्न हवा (होम प्लेट सोडून). आणि धडक द्यायला वाट बदलायची नाही. मोडलं तर रनर आणि बॅटर दोघेही बाद. शाळेच्या मुलांना याहून कडक ठेवा: घसरायचं ते सरळ बेसकडे, नाहीतर फील्डरपासून दूर.

प्रश्न (फोंडा): बॅट पोखरून आत बूच भरलं तर खरंच चेंडू लांब जातो का?

उत्तर: नाही, आणि म्हणूनच हा सगळ्यांत वेडगळ गुन्हा. टोकाकडून साधारण इंचभर रुंद आणि दहा इंच खोल भोक पाडून त्यात बूच ठासतात. बॅट सुमारे ४० ग्रॅमने हलकी होते आणि थोडी जोरात फिरते, पण आदळणारं वजनही तेवढंच घटतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा चेंडूचा वेग वाढलेला आढळला नाही. बुचाच्या स्प्रिंगसारख्या उसळीची गोष्टही खोटी निघाली.

तरी खेळाडूंचा विश्वास ढळत नाही. १९९४ मध्ये क्लीव्हलंडच्या अल्बर्ट बेलची बॅट अंपायरनी जप्त करून खोलीत बंद केली, तेव्हा जेसन ग्रिम्सली छतातून सरपटत गेला आणि ती बदलून आला. पण बेलच्या सगळ्याच बॅटी भरलेल्या असल्याने त्याने पॉल सोरेंटोची ठेवली, आणि तिच्यावर सोरेंटोचं नाव होतं! सॅमी सोसाची बॅट जून २००३ मध्ये भर सामन्यात फुटून बूच दिसलं. सात सामने बाहेर बसावं लागलं. हलकी बॅटच हवी असेल तर मूठ थोडी वर धरा किंवा टोकाला खळगा असलेली घ्या. सव्वा इंच खोलीपर्यंतचा खळगा नियमात बसतो.