‘पाकी’ हा नुसता संक्षेप आहे, मग ब्रिटनच्या टीव्हीवर तो का चालत नाही? परदेशी समालोचक बोलला तर जबाबदार कोण?

ब्रिटनमध्ये ती शिवी आहे, आणि तिथे प्रक्षेपण करणारी वाहिनीच जबाबदार, समालोचन कुठूनही आलेलं असो. १९६०-७०च्या दशकांत तिथे दक्षिण आशियाई लोकांना मारहाण करताना हाच शब्द ओरडला जायचा. त्या मारहाणीलाच ‘पाकी-बॅशिंग’ म्हणत. मारणारे पासपोर्ट बघत नसत, त्यामुळे गुजराती, पंजाबी, बांगलादेशी सगळेच त्यात आले. अमेरिकेत हा इतिहास नाही. जानेवारी २००२मध्ये अध्यक्ष बुश पत्रकारांसमोर सहज ‘पाकीज’ बोलून गेले आणि व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली. आपल्याकडे तर क्रिकेटच्या गप्पांत तो सर्रास येतो (तोही फार प्रेमाने नसतो, ते सोडा). ब्रिटनची नियामक संस्था ऑफकॉम परवानाधारक वाहिनीलाच जाब विचारते. ‘फीड बाहेरची होती’ म्हणून सुटका होत नाही. थेट प्रक्षेपणात शब्द निसटलाच, तर लगेच माफी मागितली का, हे बघितलं जातं. मात्र सरसकट बंदी नाही: बातमीत किंवा नाटकात संदर्भाला धरून आला तर चालतो.