तिथे मार्क मिळत नाहीत, भाऊ

भाऊ, धुळ्याला तुझी इंटर्नशिप संपत आलीय, प्लॅब, म्हणजे तिकडे डॉक्टरकी करण्यासाठीची परीक्षा, द्यायचीय, आणि तू विचारतोयस की इंग्लंडात ट्रेनिंगमध्ये मूल्यमापन कसं होतं, एकदा चुकलं की शिक्का बसतो का. प्लॅब, नोंदणी, व्हिसा यांची माहिती ढिगानं सापडेल. मी बाकीचं सांगतो.

तिथे मिनी-सीईएक्स नावाचा प्रकार असतो. तू पेशंट तपासायचा, सीनियरनं बघायचं, मग काय जमलं, पुढच्या वेळी काय बदलशील, यावर दोघांनी बोलायचं. फाउंडेशनच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या ट्रेनिंगच्या पहिल्या दोन वर्षांत त्याला पास-नापास नाही, सीनियर फॉर्मवर शेरा लिहितो. माझ्या एका फॉर्मवर शेरा होता, ‘आधी खुर्ची ओढून बस, मग हिस्टरी घे.’ बस्स, एवढंच! आपल्याकडे व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, ‘माहीत नाही सर’ म्हटलं की खेळ खलास. तिथे तेच म्हणणारा ज्युनियर भरवशाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेकबाईंचा ग्रोथ माइंडसेट, म्हणजे क्षमता शिकत शिकत वाढते ही धारणा, म्हणतात तो हाच.

कागदावर. प्रत्यक्षात हेच फॉर्म ई-पोर्टफोलिओत जातात आणि वर्षाअखेर एआरसीपीचं, म्हणजे ट्रेनिंगच्या वार्षिक आढाव्याचं, पॅनल तेच तपासतं. मग पोरं सोप्या, नीट पार पडलेल्या केसेसच निवडतात. सीनियरला फॉर्मची लिंक पाठवा, आठवण करा, पुन्हा आठवण करा. एका कन्सल्टंटनं मला तपासताना न बघताच ‘उत्तम, असंच चालू दे’ लिहून मोकळं केलं होतं. त्या फॉर्मचा राग अजून जात नाही.

आणि खरं सांगू? मला अजून आकडाच हवा असतो. अमळनेरहून आबांचा फोन येतो, “कितला मार्क पडनात रे?” काय सांगू त्यांना? लेकीच्या इथल्या शाळेतल्या रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या, रिपोर्टवर लिहिण्यापुढे ‘इमर्जिंग’ आलं. म्हणजे अजून जमलेलं नाही, जमेल. दिवसभर वॉर्डात हीच भाषा बोलणारा मी, रात्री तिला पाटी घेऊन बसवलं. बायको अजून टोमणे मारते.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, हिवाळ्यात जास्त. सोड.

तुमच्या, म्हणजे 2019 पासूनच्या बॅचना लॉगबुक, केलेल्या कामाची नोंदवही, तरी आहे, आम्हाला तेही नव्हतं. तिथे आहेस तोवर एखाद्या पीजी करणाऱ्या डॉक्टरला सांग, मी पेशंट तपासतो, तुम्ही नुसतं बघा आणि काय चुकलं ते सांगा. केस मात्र अवघड निवड. वेळ नाही म्हणाला तर नाइटला धर, पहाटे वॉर्ड जरा निवांत असतो.