नवं पिस्तूल, कडक स्लाइड आणि वडिलांची काडतुसं

(या सदरात वाचकांच्या शस्त्रविषयक प्रश्नांना उत्तरं देणारे लेखक सैन्याच्या ईएमई (यंत्रसामग्री दुरुस्तीच्या) कोअरमधून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, आहेत. मुक्काम सातारा.)

प्रश्न : मी विट्याचा. आमचा गलाईचा धंदा तमिळनाडूत आहे, घर गावी. सोनं-रोकड घेऊन ये-जा असते म्हणून परवाना काढला आणि नुकतंच .३२ बोअरचं नवं पिस्तूल आणलं. दुकानात हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटलं, एवढंसंच? मग वजन जाणवलं. घरी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागं ओढायला गेलो तर अंगठ्याची सालटी निघाली. बायकोला तर ती जागची हलवताही येत नाही. रेंजवर मारलं तर गोळ्या सगळ्या खाली आणि डावीकडं. मध्येच उडालेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली. मेहुणे म्हणतात, फसलात, रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं, आणि .३२ च्या गोळीत दमही नसतो. पिस्तूल खराब निघालं का? दुसरं असं, की वडील वारल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं, पण त्याची काडतुसं कपाटात तशीच आहेत. तीही .३२ चीच. ती यात चालतील का?
– एक वाचक, विटा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही चालणार, आणि चालतात का ते बघूही नका.

रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं. तुमच्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरचं बहुधा '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग' असणार. त्याची पुंगळी २३ मिलिमीटरहून थोडी लांब आणि बुडाला कड ठळक बाहेर आलेली. पिस्तुलाचं '.३२ एसीपी', म्हणजेच ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. त्याची पुंगळी १७ मिलिमीटर आणि कड जेमतेम बोटाला लागेल इतकी. लांब काडतूस मॅगझीनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीतल्या काडतुसांच्या पेटीत, बसणारच नाही, त्यामुळे तो धोका कमी. उलटं केलं तर मात्र वाईट. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये घसरून बसतं, कधी कधी उडतंही. त्याचा दाब जास्त असतो आणि जुनं रिव्हॉल्व्हर त्या दाबासाठी बनवलेलं नसतं.

त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. वडिलांचा परवाना वडिलांबरोबर संपला. तुमच्या परवान्यावर पिस्तूल आहे, रिव्हॉल्व्हर नाही. म्हणजे ती काडतुसं आज तुमच्या कपाटात विनापरवाना आहेत, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याला 'वडिलांची आठवण' हे कारण कळत नाही. आधी ठाण्यात फोन करून सांगा, मग नेऊन जमा करा आणि पोच घ्या. रिव्हॉल्व्हर हवंच असेल तर वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला ३ ऐवजी २ च शस्त्रं ठेवता येतात, तुमचं तर दुसरंच होईल. मेहुण्यांचंही समाधान.

आता पिस्तूल. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून ते खराब निघालेलं नाही. 'एवढंसंच' आणि मग 'वजनदार' हे .३२ हातात घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. नोकरीत माझ्या टेबलावर ९ एमएम १ए असायचं. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या आराखड्याचं, मॅगझीनमध्ये १३ राऊंड, म्हणजे काडतुसं. निवृत्तीनंतर स्वतःच्या परवान्यावर .३२ घेतलं तेव्हा मला ते खेळण्यातलं वाटलं, आणि स्लाइड ओढल्यावर मत बदललं. मोठ्या ९ एमएमपेक्षा या चिमुकल्याची स्लाइड कडक!

यात विपरीत काही नाही. ९ एमएममध्ये गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून थोडं मागं सरकतात, दाब उतरतो, मग नळी खाली झुकून सुटी होते. काम त्या कुलपानं केलेलं असतं, म्हणून स्प्रिंग बेताची चालते. .३२ च्या बहुतेक पिस्तुलांत असं कुलूप नसतंच. नळी फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला, घट्ट, आणि मागं येणारा सगळा जोर स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग यांनीच अडवायचा. याला ब्लोबॅक म्हणतात. स्प्रिंग कडक नसेल तर स्लाइड फ्रेमवर आदळत राहील. एखादा कारागीर 'साहेब, स्प्रिंगचे दोन वेढे कापून देतो, लोण्यासारखी चालेल' म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि पिस्तूल घेऊन घरी या.

ओढायची पद्धत मात्र बदला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढलं की सालटी निघणारच. डावा तळवा पूर्ण स्लाइडच्या मागच्या भागावर टाका, चार बोटं पलीकडून घट्ट. कोपर अंगाजवळ. मग स्लाइड ओढण्यापेक्षा उजव्या हातानं पिस्तूलच पुढं ढकला. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, उजव्या हाताची तर्जनी चापापासून लांब, फ्रेमवर सरळ. बाहेर हॅमर (घोडा) असलेलं मॉडेल असेल तर चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री करून आधी हॅमर मागं चढवा, स्लाइड बरीच हलकी होते. शेवटी स्लाइड हातानं सावकाश पुढं नेऊ नका, सोडून द्या. हळूच सोडली की राऊंड अर्धाच बसतो आणि माणूस पिस्तुलाला शिव्या देतो.

वहिनींना ती हलवता येत नाही याची चिंता सोडा. परवाना तुमच्या नावावर आहे, ते हत्यार घरातल्या दुसऱ्या कुणी वापरायचंच नाही. त्यांना शिकायचं असेल तर स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र परवाना.

गोळ्या खाली-डावीकडं जातात. तुम्ही उजव्या हातानं मारता, बरोबर? हे साइटचं, म्हणजे नेम धरायच्या माशीचं काम नाही, बोटाचं आहे. आवाज होणार हे डोक्याला माहीत असतं, म्हणून चाप ओढताना मूठच आवळते आणि नळी खाली वाकते. रंगरूट असो की मेजर, सगळे हेच करतात. रेंजवर सोबत्याला सांगा, मॅगझीन तू भर आणि मध्ये कुठंतरी एक ड्रिल राऊंड, म्हणजे दारू नसलेलं नकली काडतूस, घाल. तो आला की चाप दाबल्यावर आवाज होणार नाही, पण पिस्तुलाचं नाक कसं खाली मुरडतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. घरी सरावासाठी चेंबरमध्ये तेच नकली काडतूस ठेवा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, समोर जाड भिंत. स्लाइडच्या पुढच्या टोकावर एक नाणं ठेवा आणि चाप असा ओढा की नाणं पडणार नाही. रोज पाच मिनिटं पुरतात. हा सराव फुकट आहे, आणि आपल्याकडं तेच महत्त्वाचं. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं हे छापलेलं असतं, आणि किंमत तर तुम्ही बघितलीच. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सराव मागतं. स्लाइड, सेफ्टी, मॅगझीन, अडकलं तर सोडवणं, हे सगळं हाताला पाठ लागतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस उडालं नाही तर परत चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. मेहुण्यांच्या बोलण्यात एवढं तथ्य आहे. जो वर्षातून एकदाही रेंजवर जाणार नाही त्याला मीही रिव्हॉल्व्हरच सांगतो. तुम्ही गेलात, म्हणून तुम्हाला सांगत नाही.

पुंगळी उभी अडकली त्याची कारणं दोन असू शकतात. नवं पिस्तूल साठवणुकीच्या ग्रीसमध्ये बुडून येतं. ते न पुसता मारलं तर स्लाइड जड चालते. नळी, चेंबर, फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढतं तो उतार), स्लाइडच्या खाचा कोरड्या पुसा आणि खाचांना तेलाचा एकेक थेंब. भिजवू नका. दुसरं कारण म्हणजे ढिलं मनगट. मागं जाणाऱ्या स्लाइडला टेकायला घट्ट हात हवा, नाहीतर ती पुरती मागं जात नाही. हे दोन्ही करूनही अडकत असेल तर मॅगझीन बदलून बघा. दोन मॅगझीनवर पेननं १ आणि २ घाला, म्हणजे दोषी कोण ते कळतं. .३२ एसीपीच्या कडेमुळं आणखी एक खोड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागं गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. वरची कड नेहमी खालच्या कडेच्या पुढं. हाताला एकदा कळलं की विसरत नाही.

दमाबद्दल. हे काडतूस जॉन ब्राउनिंगनं १८९९ मध्ये आखलं. गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, जोर ९ एमएमच्या निम्म्याहूनही कमी. पण १९२९ चं वॉल्थर पीपी हे जर्मन पिस्तूल युरोपातल्या पोलिसांनी कितीतरी वर्षं याच काडतुसावर वापरलं. आपल्याकडं ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून तुलना करत बसण्यात अर्थ नाही. जिथं नेम तिथं लागलेली .३२ ची गोळी पुरेशी वाईट असते.

तुम्ही विचारलं नाही, पण पत्र वाचताना सारखी मनात येत होती ती गोष्ट आता. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका. वरचा एक राऊंड चेंबरमध्येच असतो. रिव्हॉल्व्हर बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे सांगावंच लागतं, कारण त्याचं सिलिंडर उघडलं की सगळं डोळ्यांपुढं येतं. पिस्तूल असं दाखवत नाही. क्रम पाठ करा: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागं, मग चेंबरमध्ये डोळ्यानं बघायचं, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. उलट केलंत, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढलंत, तर एक राऊंड बाहेर पडतो आणि मॅगझीनमधला दुसरा आत जाऊन बसतो. जमिनीवर पडलेला राऊंड बघून माणूस निर्धास्त होतो आणि चाप दाबून 'खात्री' करतो. वर्तमानपत्रात 'पिस्तूल साफ करताना गोळी सुटली' वाचता ना, त्यातल्या बऱ्याच बातम्यांच्या मागं हेच असतं. ९ एमएममध्ये मॅगझीन काढल्यावर चाप चालू नये अशी सोय होती. आमच्या उस्तादांनी तिच्यावर कधी विसंबू दिलं नाही. तुमच्या पिस्तुलात अशी सोय असली तरी नाही असं समजा.

राऊंड उडाला नाही, नुसती टिक झाली, तर नळी टार्गेटकडंच ठेवून तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस क्वचितच भेटतं, पण ते थोबाडासमोर भेटू नये.

आणि परवान्यावरचं क्षेत्र वाचा. तिथं फक्त महाराष्ट्र असेल तर कागल ओलांडून निपाणीच्या बाजूला गेलात की तेच पिस्तूल गुन्हा. तमिळनाडू तर पुढचीच गोष्ट. तुम्ही ज्या प्रवासासाठी हत्यार घेतलं त्या प्रवासात ते चालतं का, हे दुकानदारानं सांगितलं नसेल, कारण ते त्याचं काम नाही.

प्रश्न : आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. तलवारीबरोबर पिस्तूलही ठेवतो. हळदकुंकू वाहिलं तर चालेल ना? आणि पूजेनंतर वर एक बार काढायची जुनी पद्धत आहे.
– वाई

उत्तर : पूजा जरूर करा, पिस्तूल रिकामं करून, मॅगझीन बाजूला ठेवून. कुंकू ग्रिपवर लावा, स्लाइडवर नको. ते खाचांत शिरतं, ओल धरतं आणि वाईच्या हवेत दिवाळीपर्यंत गंज दिसायला लागतो. अक्षता नळीत पडणार नाहीत एवढं बघा, पुढच्या वेळी साफ करणाऱ्याला त्या दिसतीलच असं नाही. बार बंद. आनंदाचा गोळीबार आता कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर नाहीतर डोक्यावर उतरते.

प्रश्न : पावसाळ्यात पिस्तूल चामडी होल्स्टरमध्येच कपाटात ठेवतो. चालेल का? आमच्याकडं पुराचीही भीती.
– हरिपूर, सांगली

उत्तर : होल्स्टर कमरेसाठी, कपाटासाठी नाही. चामडं ओल शोषतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, सिलिका जेलची पुडी टाकून लोखंडी पेटीत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. पाणी चढायला लागलं की २०१९ चा पूर आठवा आणि कागदपत्रांच्या पिशवीबरोबर परवाना आणि हत्यार आधी हलवा. भिजलंच तर गोड्या पाण्यानं चिखल धुऊन, सगळं उघडून, सुकवून मग तेल. भिजलेली काडतुसं वापरू नका. हरवलं तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवा. निवडणुकीच्या वेळी जमा करावं लागलं तरी आधी तेल आणि मग पोच, याच क्रमानं.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. राही सरनोबत यांच्यासारखं पिस्तूल शूटिंग करायचं म्हणते. आधी कोणतं पिस्तूल घ्यावं?
– पलूस

उत्तर : कोल्हापूरच्या राहीताईंनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, ते .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलावर. वर विट्याच्या वाचकांनी घेतलं त्याचा आणि याचा संबंध नावापुरता. मुलीला आत्ता काहीच विकत घेऊ नका. क्लबच्या १० मीटर एअर पिस्तुलावर सुरू करू द्या, .१७७ चं, शिसाच्या छर्ऱ्याचं. २० ज्यूलच्या आतल्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही. वर्षभर तिनं न कंटाळता उभं राहून दाखवलं तर प्रशिक्षकालाच विचारा पुढं काय घ्यायचं. ग्रिप तिच्या हाताच्या मापाची लागते, आणि नववीतला हात अजून वाढायचा आहे.